साखर तपासणीचा चहा

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात साखर तपासणीचं शिबिर आलं. उपाशीपोटी या, असं आदल्या दिवशी जीपच्या भोंग्यावरून सांगून झालं होतं. सगळं गाव उपाशी आलंही. पण शिबिर होतं माजी सरपंचांच्या अंगणात, आणि सकाळी दारात आलेल्या माणसाला चहाविना परत पाठवणं त्या घराला ठाऊकच नव्हतं. रांगेत प्रत्येकाच्या हातात ओठ चिकटतील इतका गोड चहा, सोबत बिस्किटं. चहा संपवायचा, पुढे सरकायचं आणि बोट टोचून घ्यायचं.

दुपारपर्यंत अर्ध्या गावाला साखर निघाली. डॉक्टर हादरले. गावात दोन दिवस सुतकी शांतता. मग कुणाच्या तरी डोक्यात तो चहा आला, आणि पारावर काय धमाल उडाली म्हणता! लोक एकमेकांना साखरसम्राट म्हणून हाका मारायला लागले. मीही पोट धरून हसलो. मध्येच थांबलो.

माझ्या चुलत्यांनाही साखर निघाली होती. आणि बांधाच्या भांडणापासून ते सरपंचांच्या घरचं पाणीही घेत नव्हते.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. "आबा, तुमी तिथं च्या घेतला का?"

"त्याच्या घरचा च्या मी काहून पिऊ?"

"मग तुमची साखर कुठून आली?"

चुलीपुढून काकू म्हणाल्या, "पायाची जखम दिवाळीपासून भरून न्हाई राहिली. माझं कोन ऐकते?"

"अख्खं गाव खोटं, अन् मी एकलाच खरा व्हय?"

"व्हय, आबा."

हिंगोलीला नेऊन पुन्हा रक्त तपासलं. साखर होतीच. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू जखमही भरली.

अमुक शिबिरात इतक्या जणांना आजार सापडला, असं वाचलं की आता मला आकड्याचं कौतुक वाटत नाही. त्यातले खरे किती? पुन्हा तपासायला गेले किती? आणि गेल्यामुळे कुणाचं भलं झालं का? हे कुणी मोजलेलं दिसत नाही.

आबांनी स्वतः पारावर जाऊन सांगितलं, "बाबांनो, एकदा पुन्यांदा तपासून या."

"आमी च्या पेलो होतो, आबा," लोक म्हणाले आणि हसले. कुणी गेलं नाही. त्या चहा पिणाऱ्यांतही एखादा खरा असणारच. तो कोण, हे त्यालाही कळलं नाही.