पहिल्या दृश्यापुढचा पिच्चर

अन्याय झाला आहे तो माझ्या फुफाजींवर, म्हणजे आत्याच्या यजमानांवर. गेल्या रविवारी संध्याकाळी, आंजी गावच्या वाचनालयाच्या सभागृहात, पडद्यावरची मुलगी जेमतेम एक गिरकी घेऊन थांबली असताना. समितीच्या अध्यक्षांनी भर प्रेक्षकांत प्रोजेक्टरची पिन उपटली आणि जाहीर केलं, "येत्या रविवारी पुरा पिच्चर दाखवा, नाई तर हॉल झुंबावाल्या मॅडमले देऊन टाकतो." पिन उपटण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने मिळाला, असं मी तिथल्या तिथे विचारलं. त्यांनी मला चहा पाजला. दडपशाही अशीच असते. नाचाचा विचार करणाऱ्याला हाकलून नाचणाऱ्यांना जागा द्यायची, आणि वर बिस्किटं.

सुरुवातीवर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि शेवटाशी इतकं वैर धरणाराही नाही. नोकरीभर फुफाजी समुद्रपूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सुटताना पाहिल्या. मुक्कामी पोहोचताना पाहायची वेळच आली नाही. तेच अंगात मुरलं. लग्नात नवरदेव स्टेजवर चढला की हे चपला शोधू लागतात. "कसा चढला ते पाह्यलं, आता पुढच्या संसाराचं मले सांगू नोका." क्रिकेटचा सामना नाणेफेकीपर्यंत, कादंबरी पहिल्या पानापर्यंत. आत्या होती तेव्हा म्हणायची, "या माणसानं भाजी काई खाल्ली नाई कधी, फोडणीच हुंगली." आत्याला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. ती गेल्यावर घरात करमेना, म्हणून त्यांनी वाचनालयाकडून रविवारची संध्याकाळ मागून घेतली आणि 'चित्रपट रसास्वाद' सुरू केला.

रसास्वादासाठी त्यांनी एकच चित्रपट निवडला, नर्तकीवरचा, मानसशास्त्रीय थरारपट. नाव लिहीत नाही, कारण त्या चित्रपटाचा यात काही दोष नाही. रिकाम्या तालीमघरात एक मुलगी नाचते आहे. आपल्याला आधी फक्त तिचे पाय दिसतात. समोर भिंतभर आरसा. मुलगी थांबते. आरशातली थांबत नाही. ती आणखी एक गिरकी घेते आणि मग वळून हिच्याकडे बघते. इथे फुफाजी बटण दाबतात आणि उठून पडद्यासमोर उभे राहतात, त्यामुळे मुलीचा निम्मा चेहरा त्यांच्या सदऱ्यावर येतो. "पाह्यलं? पोरगी दमली, पण तिच्यातली हाव नाई दमली. आता सांगा, आधी पायच काऊन दाखवले? कारण आपण कोन आहो हे तिले अजून मालूमच नाई!" मग दृश्य पुन्हा पहिल्यापासून. मग एकच दिवा असून सावल्या दोन कशा, यावर चर्चा. मग पुन्हा पहिल्यापासून. मागून कुणीतरी ओरडतं, "फुफाजी, पुढं सरकवा ना जी!" सगळं गाव त्यांना फुफाजीच म्हणतं. ते शांतपणे सांगतात, "गाडी फलाटावर उभी आहे, अन् तू उतराची घाई करून राह्यला का बे?"

खरा घोटाळा मात्र त्यांनी केलेल्या एका तुलनेने झाला. आमच्याकडच्या खडी गंमतीत, म्हणजे इकडच्या तमाशात, आधी गण होतो, देवाला आवाहन. तो संपेपर्यंत कुणी तंबाखूसुद्धा मळत नाही. फुफाजींनी जाहीर केलं की हे पहिलं दृश्य म्हणजे या पिच्चरचा गण आहे. पुढच्या रविवारपासून म्हाताऱ्या बाया पडद्याला हात जोडू लागल्या. एकीने मला हळूच विचारलं, "कोन्ती देवी हाय व माय हे? लयच बारीक झाली." आरशातलं भूत बाहेर येण्याची ही वेळ, आणि पहिल्या रांगेत नारळ! मानसशास्त्रीय थराराचं एवढं मनःशांतीत रूपांतर जगात कुठेही झालं नसेल. पण हळूहळू बायाही कंटाळल्या. गण संपतच नाही म्हटल्यावर देवीवरची श्रद्धा तरी किती टिकणार?

मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. 'पहिल्या दृश्याचा हक्क' या नावाचं पत्रक लिहून मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिली ओळ वाचली, "मस्त सुरुवात आहे" म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मी चिडले. म्हटलं, "फुफाजी, हॉल जाऊन राह्यला. पुढचं दाखवून टाका ना एकदा. त्यात एवढं काय आहे?"

"मले काय मालूम?"

"म्हणजे?"

"पुढचं मी पाह्यलंच नाई." ते खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "तुह्या आत्यासंग लावला होता घरी. आरशातली पोरगी वळली अन् तिनं माहा हात असा धरला का बांगडी रुतली. म्हणे, बंद करा, उद्या दिवसाउजेडी पाहू. मग तिची तब्येतच बिघडली. आता एकटा पुढं गेलो तं तिले मांगं सोडून गेल्यावानी वाटते." मग जरा ओशाळून म्हणाले, "अन् माय, खरं सांगू का? मले भेव लागते."

अन्यायाविरुद्धची माझी सगळी वाक्यं तयार होती. ती पत्रकासकट त्यांच्या खिशातच राहू दिली.

काल त्यांनी अध्यक्षांना निरोप पाठवला: रविवारी पूर्ण दाखवतो. हॉल हातचा जाऊ द्यायचा नाही, कारण रविवार सोडला तर आठवडाभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. वरवर ते पुष्कळ ऐटीत आहेत. पण विश्लेषणाच्या धाकाने आता सगळे मागच्या रांगांत बसतात आणि पुढे ते एकटेच असतात, हे तुम्हा आंजीकरांना माहीत आहे. तुम्हीही तिथेच बसता. तेव्हा निषेध नको, घोषणा नको, माझ्या पत्रकावर सहीही नको. येत्या रविवारी या, सरळ पहिल्या रांगेत जा, फुफाजींच्या शेजारी बसा, आणि पिच्चर संपेपर्यंत उठू नका.