धुऱ्यावरच्या झाडाला कमी फळं

गजेंद्र खलोकार दहावीच्या गणितात दोनदा नापास झाला आणि त्यानंतरची वीस वर्षं त्याने आकड्यांवरच पोट भरलं. यातली गंमत लोकांच्या लक्षात यायच्या आत तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. हसं व्हायचंच असेल तर ते आपल्या हाताने केलेलं बरं, असं त्याचं मत होतं. अमरावतीच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी तो बागा पाहायचा. फळ अजून झाडावर असतानाच बागेत हिंडायचं आणि सांगायचं की या झाडाला साडेसहाशे, त्याला पाचशे, आणि अख्ख्या बागेत एक लाख दहा हजार. त्याच्या शब्दावर व्यापारी उभी बाग विकत घ्यायचा. झाडाभोवती एक फेरी, एका फांदीची मोजणी, मान वाकडी करून शेंड्याकडे एक नजर, की झाला आकडा तयार. तोडणीच्या वेळी मोजून पाहिलं तर शेकडा दोन-चारचाच फरक निघायचा. अचलपूर-परतवाड्याकडे त्याच्या नजरेला मान होता. फक्त सात आठे किती, हे त्याला एकदम विचारायचं नाही.

ही नजर त्याला त्याच्या बापाने, नत्थुजींनी दिली होती. आणि गजेंद्रकडून ती कोणी न शिकवता उतरली आकांक्षात, त्याच्या आठ वर्षांच्या मुलीत. रविवारी ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बागेत यायची. तो चालता चालता बोलायचा, ती मागून ऐकायची. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधालगतच्या झाडाला फळं कमी धरतात. एखादं झाड पुढून भरलेलं दिसतं आणि मागून रिकामं असतं. आत अंधारात असलेलं फळ दिसत नाही, पण असतं. मग दोघं एखादं झाड निवडून आपापला आकडा सांगायचे. आधी गजेंद्र, कारण त्याला दम निघत नसे, मग ती. गेल्या वर्षी एका झाडाला तो सहाशे पन्नास म्हणाला. तिने एक फेरी जास्तीची मारली आणि सहाशे तीस म्हणाली. तोडल्यावर निघाली सहाशे तेहेतीस. पोरीकडून हरल्याचा त्याला त्या दिवशी जितका आनंद झाला, तितका तिसऱ्या खेपेला दहावी सुटल्याचाही झाला नव्हता.

तर अशा या घरात ऑक्टोबरमध्ये शाळेचा कागद आला. आकांक्षा तिसरीत होती. शाळेने ठरवलं होतं की दिवाळीनंतर तिसरीतल्या वीस मुलांचा गणिताचा वेगळा वर्ग करायचा आणि वर्ष संपायच्या आत त्यांचं चौथीचं गणितही उरकायचं. वर्गाचं नाव ‘भरारी’. निवड परीक्षेवर.

तोवर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभ सकाळ आणि हरवलेले डबे एवढंच असायचं. आता तो पेटला. एका आईला सकाळी काळजी पडली की भरारीत गेलेल्या मुलांचं बालपण जाईल. तिलाच संध्याकाळी काळजी पडली की भरारीत न गेलेल्या मुलांचं आयुष्य जाईल. एका वडिलांनी विचारलं की उरलेल्या चाळीस मुलांनी काय करायचं. प्रश्न चांगला होता, म्हणून त्याला कोणी उत्तर दिलं नाही. शेजारच्या शेखरने आपल्या शिवमला त्याच आठवड्यात शिकवणी लावली.

गजेंद्रने आधी या सगळ्यांची यथेच्छ टिंगल केली. आठ वर्षांच्या पोट्ट्यांना कोणती गाडी पकडायची आहे, असं तो पानठेल्यावर विचारायचा. ही तत्त्वनिष्ठा दीड दिवस टिकली. मग त्याला दहावीचा वर्ग आठवला, मागचा बाक आठवला, आणि पेपर वाटताना त्याचा पेपर शेवटी ठेवणारे सर आठवले. पोरगी गणितात बापावर गेली, एवढं एक वाक्य त्याला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. भरारीत आकांक्षाचं नाव लागलं की ते वाक्य कायमचं मिटणार होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर लिहिलं की उपक्रम स्तुत्य आहे.

शिकवणी मात्र त्याने लावली नाही. जिला झाडावरची सहाशे फळं दिसतात तिला शिकवणी कशाला, हे त्याने पानठेल्यावर, आडतीवर आणि सासुरवाडीला फोन करून सांगितलं. परीक्षा झाली त्या दिवशी त्याने मिठाईवाल्याला दोन किलो पेढे सांगून ठेवले. संध्याकाळी पोरीला इंजिनियर करायचं की डॉक्टर, यावर त्याचं बायकोशी कडाक्याचं वाजलं. पौर्णिमा शेवटी म्हणाली की बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली आपली गत आहे. गजेंद्रला ते पटलं, पण इंजिनियरवरून तो हटला नाही.

दिवाळीनंतर यादी लागली. शिवमचं नाव सातवं होतं. आकांक्षाचं नव्हतं. गजेंद्रने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, जणू उलट वाचल्याने एखादं नाव वाढलं असतं. आकांक्षाने एवढंच विचारलं की भरारीत न गेलेल्यांचा खेळाचा तास राहणार ना. तो राहणार आहे हे कळल्यावर तिचा विषय संपला. बापाचा तिथून सुरू झाला. निवडीत गडबड आहे, मला पोरीचा पेपर दाखवा, असा अर्ज त्याने लिहिला. शाळेत जाऊन तमाशा करू नका, असं पौर्णिमाने बजावलं. त्याने तिला शब्द दिला आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

गणिताच्या प्राजक्ता मॅडम मूळच्या अकोल्याच्या, शांत बाई होत्या. गजेंद्रने वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. माझी मुलगी लाख फळांचा हिशोब बसल्याजागी सांगते, इथपर्यंत तो आला होता. मॅडमनी पेपर त्याच्यापुढे सरकवला आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

एका बागेत आठ ओळी आहेत. प्रत्येक ओळीत सहा झाडे. प्रत्येक झाडाला दहा फळे. तर एकूण फळे किती? कडेला आकांक्षाच्या अक्षरात ४८० लिहिलेलं होतं आणि त्यावर नीट, पट्टीने रेघ मारलेली होती. खाली उत्तर होतं: ४४०. धुऱ्यावरच्या झाडाला कमी लागतात.

गजेंद्रला आधी हसू आलं. मग त्याने पुढचा प्रश्न वाचला. पाच टोपल्यांत प्रत्येकी चाळीस संत्री, तर एकूण किती? उत्तर: १९०. दर टोपलीत दोन सडके निघतात. त्याच्या खाली, चार मजूर दिवसाला वीस झाडे तोडतात तर आठ मजूर किती? उत्तर: ३४. सांगितलेले सगळे येत नाहीत.

आता त्याचे कान तापले. त्या पेपरात पोरीचा शब्द एकही नव्हता. सगळी वाक्यं त्याची होती. बागेत चालताना मागे न पाहता टाकलेली, काही तर कोणाला तरी शिव्या घालताना म्हटलेली. गडबड सापडली होती आणि ती इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रार तरी कोणाची करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“गुणाकार तिला पक्का येतो,” मॅडम म्हणाल्या. “सगळीकडे आधी बरोबर उत्तर काढलं आणि मग खोडलं. असा पेपर मी पहिल्यांदा पाहिला. तिला फार बदलू नका. परीक्षेत विचारलंय तेवढंच लिही, एवढं फक्त सांगा.”

यादीतला एक मुलगा गाव सोडून चालला होता, त्याच्या जागेसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. मॅडमच्या बोलण्यातलं हे गजेंद्रला स्वच्छ ऐकू आलं. फार बदलू नका, हे तेवढं आलं नाही.

घरी येऊन त्याने शिकवणी स्वतःच्या हातात घेतली. दहावीला दोनदा आपटलेला माणूस रोज संध्याकाळी ताशी शंभर उदाहरणांच्या वेगाने गणित शिकवू लागला. पौर्णिमा स्वयंपाकघरातून सात आठे छप्पन्न असं ओरडून त्याला सावरायची. आकांक्षा पेन्सिल तोंडात धरून प्रश्नाकडे पाहत बसायची. तिला ती बाग दिसायची, आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

“सगळ्या झाडाले दहा-दहाच काहून लागतात?” तिने एकदा विचारलं.

“पेपर काढणाऱ्याची बाग आहे ते. त्याच्या बागेत लागतात,” गजेंद्र म्हणाला. “तू पायत बसू नको बेटा. गुणाकार कर आन् मोकळी हो.”

पाहू नको, उरक, हेच तो पंधरा दिवस म्हणत राहिला. पायत बसू नको. त्या दोन रविवारी त्याने तिला बागेतही नेलं नाही, उगाच मनात काही भरायला नको म्हणून. तिसऱ्या दिवसापासून ती विचारेनाशी झाली. आठव्या दिवसापर्यंत तिची पेन्सिल थांबेनाशी झाली. परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. मिठाईवाल्याने दिवाळीपासून अडकलेली पेढ्यांची ऑर्डर एकदाची सोडवायला सांगितली होती, तीही सुटली. गजेंद्रने शेखरच्या घरी डबा स्वतः नेऊन दिला आणि आमच्या घरात गणित रक्तातच आहे, असं सांगताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पुढच्या रविवारी परतवाड्याजवळची एक बाग पाहायची होती. आकांक्षा मागे बसून आली. संत्री पिकायला आली होती आणि बागेचा मालक चहा आणायला घराकडे गेला होता. गजेंद्रने जुन्या सवयीने कडेचं एक झाड निवडलं. आज त्याचा मूड होता, तो म्हणाला, “आज तू पयले सांग.”

ती जागेवरच उभी राहिली. समोरच्या फांद्या बोटाने टिपल्या, त्यातली हाताशी आली ती एक फांदी मोजली. “पंचेचाळीस. फांद्या चौदा. सहाशे तीस.” एवढं झटपट त्याला जन्मात जमलं नसतं. त्याची छाती फुगली. मग सवयीने तो झाडाच्या मागे गेला.

मागची बाजू रिकामी होती. दोन मोठ्या फांद्या पार वाळून गेल्या होत्या, उरलेल्यांवर कुठेतरी एखादं फळ. साडेतीनशेच्या पलीकडे हे झाड जात नव्हतं. मागच्या वर्षी हे तिने त्याच्या आधी पाहिलं असतं.

“मांगून पायलं काय?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुमीच तं म्हणले होते, पायत बसू नको, गुणाकार कर आन् मोकळी हो.”

ती रागावलेली नव्हती, रडवेली नव्हती. पाढा म्हणावा तसं म्हणाली. गजेंद्रला लाज वाटली, आणि दहावीच्या मागच्या बाकावर वाटली होती तिच्यापेक्षा ती मोठी होती. तेव्हा त्याचं फक्त गणित कच्चं निघालं होतं. बापाने दिलेली नजर त्याने पोरीला न शिकवता दिली होती, आणि पंधरा दिवस रोज शिकवून काढून घेतली होती. पेढेही वाटले होते.

“चुकलो मी,” तो म्हणाला. “ते शाळेच्या बागेसाठी होतं. इथं पाय. जितका वेळ पाहायचं तितका पाय.”

तिने त्याच्याकडे शंकेने पाहिलं. सारखं बदलणाऱ्या माणसाकडे कोणीही बघेल तसं. मग चप्पल काढून ती झाडाभोवती निघाली. वाळक्या फांदीपाशी थांबली, खाली वाकून आतल्या अंधारात डोकावली, पुन्हा चालू लागली. पहिली फेरी झाली आणि ती तशीच पुढे निघाली. दुसरी सुरू झाली तेव्हा गजेंद्रच्या जिभेवर आकडा येऊन बसला होता. त्याने तो गिळला आणि तिची फेरी पुरी व्हायची वाट पाहत उभा राहिला.