फुगडुली

“मला फुगडुली हवी!” तापानं फणफणलेले बाबा असे गरजले, की समोरच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा उडाली.

आमच्या घरात शब्दांचा कारखानाच. रिमोट म्हणजे टुकटुक्या, उरलेल्या भाजीचा पराठा म्हणजे गोंधळ्या. पण फुगडुली हा शब्द फक्त आईबाबांमधला, आणि आई गेल्या वर्षी गेली. दोनच माणसांची भाषा; त्यातलं एक गेलं, की दुसऱ्यानं बोलायचं कुणाशी?

मी उशी दिली, शाल दिली, कानटोपी दिली, पेज दिली. कपाट तेवढं उचलून आणायचं राहिलं. बाबांची मान नाहीच म्हणत राहिली.

“अहो बाबा, फुगडुली म्हणजे काय, ते तरी सांगा!” मी रडकुंडीला येऊन ओरडलो.

बाबांनी कूस बदलली.

“राहू दे. ती तुझी आई करायची.”