पत्र्याचा मग आणि शेवटचं पान

जोहान्सबर्गच्या त्या बंगल्यात नोमाखायाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकराही वर्षं तिथे तिचं नाव ग्रेस होतं. आधीच्या मोलकरणीचं नाव ग्रेस. एप्रनवर तसं भरतकाम केलेलं, ते कोण उसवत बसणार?

गुरुवारची दुपार मात्र तिची स्वतःची. त्या दिवशी शहरातल्या सगळ्याच मोलकरणींना अर्धी सुटी. आणि या गुरुवारी तर तिचा जीव टांगणीला लागला होता. तिची नऊ वर्षांची लेक सिनाझो आजीबरोबर गावाहून आली होती आणि चारच्या बसने परत निघणार होती. ही भेट हुकली की पुढची थेट पुढच्या डिसेंबरात!

नेमकं त्याच दुपारी हॅदरलीबाईंचं वाचनमंडळ बसलं.

"ग्रेस, आज जाऊ नकोस हं," बाई म्हणाल्या. "एका काळ्या लेखिकेची कादंबरी वाचतोय आम्ही. मोलकरणीच्या हालांवर आहे. तुझं मत हवंय. बघ, केवढा मान!"

डोंबलाचा मान! नोमाखायाने ती कादंबरी केव्हाच संपवली होती. धूळ झटकताना, उभ्याउभ्या, रोज चार पानं. बाईंची खुणेची पट्टी महिनाभर चाळिसाव्या पानावरून हलली नव्हती.

दिवाणखान्यात पाच बायका बसल्या होत्या. रडून रडून सगळ्यांची नाकं लाल झालेली.

"काय दुष्ट मालकीण गं ती! बिचारीची सुटीसुद्धा खाते," डॅफ्नीबाई हुंदका देत म्हणाल्या.

"माणुसकीच नाही लोकांत," हॅदरलीबाईंनी डोळे पुसले. "ग्रेस, आणखी रुमाल आण. इस्त्रीचे आण. आणि केक काप."

तीन वाजले.

"अगं, उभी काय? आज तू आमची पाहुणी!" बाईंनी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि तिला बसवलं. मग काय अंगात आलं कोण जाणे, बाई स्वतः चहा करायला उठल्या. मैत्रिणी धन्य धन्य झाल्या. बाई ट्रे घेऊन आल्या. त्यात फुलाफुलांचे पाच कप होते आणि मधोमध नोमाखायाचा पत्र्याचा मग. तो मोरीच्या खालच्या कपाटात, फरशी पुसायच्या फडक्यांशेजारी असायचा. बाईंनी तो न विचारता बरोब्बर शोधून काढला होता.

कुणाला काही खटकलं नाही. कादंबरीत असाच मग एक्केचाळिसाव्या पानावर होता.

"हं, आता सांग, शेवटी काय होतं तिचं? आम्ही काही तिथवर पोचलो नाही," डॅफ्नीबाई म्हणाल्या.

नोमाखायाने घड्याळाकडे पाहिलं. तीन वीस.

"सांगून नाही कळायचं मॅडम, करूनच दाखवते."

ती उठली. एप्रन सोडला, घडी घालून केकच्या ताटलीशेजारी ठेवला. मगातला चहा कुंडीत ओतला आणि तो रिकामा मग पिशवीत टाकला. आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. त्या दाराची पितळी मूठ तिने अकरा वर्षं घासली होती, पण तिथून ती कधी गेली नव्हती.

मागून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! काय जिवंत अभिनय!" कुणीतरी ओरडलं. ती परत येऊन वाकून नमस्कार करील म्हणून पाचही जणी म्हणे अंधार पडेपर्यंत खोळंबून बसल्या होत्या.

ती धावत पोचली तेव्हा बसचं इंजिन सुरू झालं होतं. सिनाझोने पायरीवरूनच तिच्या अंगावर उडी टाकली.

"आई, सुटी दिली त्यांनी?"

"दिली की! टाळ्या वाजवून दिली."

तिने भराभर सगळी हकिगत सांगितली. पोरगी खिदळली.

"मग पुस्तकातली बाई परत कधी गेली?"

"छे! पुन्हा त्या दारात पाऊल नाही ठेवलं तिने."

"मग तूही नको ना जाऊस. चल आमच्याबरोबर."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. नोमाखायाने नळावरून मग भरून आणला, लेकीच्या हातात दिला आणि तिला पायरीवर चढवलं.

"पुस्तकातल्या बाईला लेक नव्हती गं," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सहाला तिने ताटलीशेजारचा एप्रन उचलला, मागे गाठ मारली आणि कालच्या कपबशा घासायला घेतल्या.