रिलेखालचा पुठ्ठा

अमेरिकेत, बॉथेलला आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये सोव्हिएत काळातलं खेळाचं एक मशीन होतं. पेरिस्कोपला डोळे लावायचे, आत जहाज सरकताना दिसतं, बटण दाबून टॉर्पेडो सोडायचा. चिप वगैरे काही नाही. आरसे, छोटे दिवे, मोटार आणि रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे स्विच. शेजारचे आजोबा तरुणपणी काळ्या समुद्राकाठी अशीच मशीनं दुरुस्त करायचे. हे त्यांनी इथल्या एका संग्राहकाकडून घेतलेलं. आम्ही त्यांना काका म्हणतो, ते मला बॉस म्हणतात.

काका मुलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार होते. एक म्युझियम मशीन घ्यायला तयार होतं, पण चालू असेल तरच. नाहीतर भंगार. म्युझियमचा माणूस शनिवारी येणार होता. काकांचे हात थरथरतात, म्हणून सफाई मी हाती घेतली.

मी माझ्या पद्धतीने केली. काढलेली प्रत्येक वस्तू वहीत: नंबर, जागा, काय केलं. गुरुवारी सगळं चकाचक. शुक्रवारी स्विच चालू केला. जहाज सरकलं, टॉर्पेडो मात्र सुटेना.

"आधी चालत होतं," काका म्हणाले.

"आधी धूळ होती," नवरा म्हणाला. "तू धुळीबरोबर मशीनचा आत्मापण पुसलास."

"तू चहा कर."

काका स्टुलावर बसले. चेहरा उतरला होता. मी वही काढून पहिल्या नंबरपासून वाचायला लागले. एकेचाळीसवर त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

"पुठ्ठ्याचा तुकडा, चार घड्या. डावीकडच्या रिलेखाली. कचरा, टाकला."

काका एवढे हसले की खोकला लागला. "बॉस, तो कचरा नव्हता, ती दुरुस्ती होती! हादऱ्यांनी रिले सैल व्हायचा, सुटे भाग मिळायचे नाहीत. आम्ही सगळे सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालायचो. इथे पण कोणीतरी घातला होता आणि मला माहीतच नाही."

रिसायकलिंगची गाडी बुधवारीच येऊन गेली होती. मी घरातून बाकरवडीचं रिकामं खोकं आणलं. घड्या काकांनी घातल्या, पुठ्ठा जागेवर मी बसवला. तिसऱ्या प्रयत्नाला टॉर्पेडोच्या दिव्यांची रांग धावली आणि नेम लागून जहाज लाल झालं. नवरा चहा घेऊन आला तेव्हा काका पेरिस्कोप सोडायला तयार नव्हते.

शनिवारी म्युझियमचा माणूस तीन डाव खेळला आणि मशीन घेऊन गेला. सोबत माझ्या यादीची प्रत दिली. एकेचाळीसवर नवी नोंद आहे: पुठ्ठा, चार घड्या, बाकरवडीच्या खोक्याचा. काढू नये.