अळूला पोहता येत नाही

मंडळी, हे मुद्दाम आपल्या बॉनच्या मराठी ग्रुपवर लिहितेय, कारण माझ्या ऑफिसातला मंदारही या ग्रुपवर आहे.

आज ऑफिसात लुसिया आली होती, पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटावरून. तिथल्या लँड-ग्रँट कॉलेजतर्फे, म्हणजे जमिनीच्या सरकारी अनुदानावरून नाव पडलेल्या शेती कॉलेजतर्फे, ती गावोगाव फिरून शेती शिकवते. समुद्र वाफ्यांत शिरतो आणि अळूचे कंद कुजतात. तेच त्यांचं रोजचं जेवण. खारं पाणी सोसेल असा अळू शोधणं हे तिचं काम.

म्हणून मी अळूवडी करून नेली होती.

जेवताना मंदार नेहमीच्या जर्मन 'तर'ने सुरुवात करत तिला म्हणाला, "आल्झो, लँड-ग्रँट कॉलेज. पण लँड कुठे उरलीय? शेती सोडा, पोहायचे क्लास काढा."

सगळं टेबल हसलं. बॉससुद्धा.

लुसियाने हातातली वडी खाली ठेवली. "पोहता आम्हाला सगळ्यांना येतं," ती म्हणाली. "अळूला येत नाही."

मंदारने डबा ओढून उरलेल्या वड्या संपवल्या. परतताना ट्राममध्ये मला म्हणाला, "अगं, जोक होता. फार मनाला लावून घेतात हे लोक."

मंदारचं गाव धरणाखाली गेलंय. दर मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, आणि तो इथे फोटो टाकतो, 'आमचं गाव' म्हणून. आपण सगळे खाली हात जोडतो.

येत्या मेमध्ये फोटो आला की मी खाली पोहायच्या क्लासचा पत्ता टाकणार आहे. कोण कोण हसणार, आत्ताच सांगून ठेवा.