मापात ठेवलेली दोन बोटं

पुलाचा उतार लागला तेव्हा फोनवर पाच हजार दोनशे पावलं झाली होती. वहिनींनी फोन माझ्या हातात कोंबला.

"बघ गं, अजून लालच आहे का मी?"

"वहिनी, चालता चालता रंग बदलायला तुम्ही काय सिग्नल आहात?"

त्या हसल्या नाहीत. एरवी माझ्या फुटकळ विनोदालाही त्या हसतात. रविवारची सकाळ होती, आणि सोमवारी त्यांना कापणीच्या टेबलावरून उठवून तळघरात पॅकिंगला बसवणार होते.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्या कापणीच्या टेबलाशी उभ्या आहेत. परिचारिकांचे, ड्रायव्हरांचे, शाळांचे किती कपडे त्यांच्या कात्रीखालून गेले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कापडाचा तागा स्वतः खांद्यावर घेऊन येतात, बारा घड्या एका रेषेत कापतात. हॉलमध्ये सगळे त्यांना मास्तरीण म्हणतात, साहेबसुद्धा.

त्याच साहेबांच्या डोक्यात गेल्या महिन्यात आरोग्याचं खूळ शिरलं. कुठलीशी वेबसाइट सापडली. तिच्यात गळा, कंबर, सीट म्हणजे नितंबांचा घेर, आणि उंची टाकली की अंगात चरबी किती टक्के ते सांगते. अडतीसच्या वर गेलं की चौकट लाल. लाल बायकांनी उभ्याचं काम करायचं नाही, मशीनवर बसायचं नाही, तळघरात बसून घड्या घालायच्या. पगारही तिथला, म्हणजे मदतनिसाचा. वर म्हणे, "तुमच्याच भल्यासाठी." आपल्या भल्याचं दुसऱ्याने एवढं मनावर घेतलं की मला आधी भीती वाटते आणि मग राग येतो.

मापं कुणी घ्यायची? मास्तरिणीने. तिच्याइतका टेपचा हात कुणाचा? वहिनींनी स्वतःसकट अकरा जणींची मापं घेतली. शुक्रवारी यादी लागली. सात जणी लाल. त्यात वहिनी बेचाळीस. त्यात काजं करणारी ती पोरगीही, जिला बाळ होऊन तीन महिने झालेत. तिच्या पोटाकडे बघून यंत्राला काय कळलं असेल ते देवच जाणे.

उतार संपल्यावर बाक होता, तिथे टेकलो. मी म्हटलं, दुसऱ्या साइटवर बघू. एकीने वय आणि वजन विचारून एकतीस सांगितले. दुसरीने छत्तीस. बाई तीच, बाक तोच, दहा मिनिटांत वहिनींची अकरा टक्के चरबी ये-जा करून गेली.

"मला कुठली खरी धरायची?" वहिनी म्हणाल्या. "भाजीवालीने असं तोललं असतं तर आपण तागडी फेकून दिली असती."

"दादांचं टाकून बघितलं होतंत ना?"

"ह्यांचं? एवढं पोट पुढे, तरी हिरवे. पुरुषांना सीट विचारतच नाही ते. आणि मान जाड असली की चरबी कमी धरतात म्हणे. म्हणजे आमचे साहेब जगातले सगळ्यात सडपातळ. त्यांची मान कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं, ते कॉलर लावल्याशिवाय मलासुद्धा कळत नाही."

आता मात्र दोघी हसलो. मग मी साहेबांची साइट उघडली. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजी पान दिसलं की मी ते मिटून टाकते. पण फोन भाषांतर करून देतो. साहेबांनी नुसत्या चौकटी भरलेल्या, खालचा मजकूर कुणी वाचलेलाच नव्हता. मी एकेक ओळ मोठ्याने वाचली. टेप अंगाला टेकलेली असावी, सैल नसावी. बाईची कंबर सर्वांत बारीक भागी मोजावी.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"सैल नसावी," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, मी तर दोन बोटं घालून घेतली."

त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टेपच्या आत गळ्याला एक बोट, कंबरेला आणि सीटला दोन. माणूस श्वास घेतो, जेवतो, वाकतो, कपड्यात त्याला जागा ठेवायची. आणि कंबर मोजायची ती पॅंट बसते तिथे, बेंबीच्या खाली. सत्तावीस वर्षं हाताने हेच केलं. अकरा जणींना हेच केलं. प्रत्येकीला त्यांनी मायेने जागा ठेवली, आणि ती जागा साइटने चरबीत धरली.

टेप त्यांच्या पिशवीत असतेच. मी उभी राहून त्यांचं माप घेतलं. येणारेजाणारे बघत होते, एक आजोबा तर थांबलेच. वहिनी त्यांना म्हणाल्या, "पुढचा नंबर तुमचाच, आजोबा." ते लगबगीने निघाले. मी बोटं न घालता टेप टेकवली, कंबर बारीक भागी मोजली. कंबर छत्तीसची तेहतीस झाली, सीट एकेचाळीसची साडेएकोणचाळीस, गळा साडेबारा. आकडे टाकले. सदतीस. चौकट हिरवी.

मी मनात देवाचं नाव घेतलं. "सुटलात वहिनी. उद्या साहेबांना हे दाखवा."

पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. पान खाली सरकवत मी शेवटची बारीक ओळ वाचली. हा केवळ अंदाज आहे, त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. एवढी एक ओळ वाचायला साहेबांना सवड नव्हती, सात बायकांना तळघरात धाडायला होती. दोन बोटांत माणूस लाल होतो आणि दोन बोटांत हिरवा, असल्या आकड्यावर कुणाची भाकरी ठरवायची? ताग्याचा भार खांद्यावर कोण पेलतं, दहा तास कोण उभं राहतं, हे बघायला डोळे पुरले असते. पण डोळ्यांनी बघायचं तर खुर्ची सोडून हॉलमध्ये यावं लागतं.

मी हे सगळं फणकाऱ्याने बोलून दाखवलं. वहिनी टेप बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"त्या पोरीचं परत मोजलं," त्या म्हणाल्या, "तरी अडतीसच्या खाली येईलच असं नाही. तिला खरंच अजून अंग आहे. बाळ पाजतेय ती."

"मग?"

"मग मी एकटी वर, आणि ती खाली. माझ्याच टेपने."

चुकलं ते हाताच्या सवयीने, त्यात त्यांचा काय दोष, असं म्हणून बघितलं. त्यांनी मान हलवली.

"तू घरी गेल्यावर एक अर्ज लिहून दे मला," त्या म्हणाल्या. "तुला लिहिता येतं, माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. पहिल्यांदा लिही की अकराही जणींची मापं मी कपड्याच्या रीतीने घेतली, ती चूक माझी, यादी रद्द करा. मग लिही की बरोबर मापाने कुणी लाल आली, तरी काम येतं की नाही ते टेबलावर बघा. ती खालची ओळ जशीच्या तशी उतरव. माझा सदतीस कुठेही लिहू नकोस. सातही जणींच्या सह्यांना जागा सोड, माझी सगळ्यात वर. आणि हे बघ, चूक लिही, पण माफी मागितली असं लिहू नकोस."